काकूंची भाची नेमकं करते तरी काय?

“मालिश? माझी भाची अमेरिकेत मालिश करते, असं म्हणाली ती?”

काकूंनी सांडग्यांचं ताट भिंतीवर आपटलं. सकाळचे सात वाजले होते. जुळे सोलापुरातलं मे महिन्याचं ऊन अजून नीट चढायचं होतं, पण काकू चढल्या होत्या. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंनी भिशीत जे पसरवलं, ते मी इमानेइतबारे काकूंच्या कानावर घातलं होतं, एवढंच. शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?

“अगदी मालिश नाही म्हणाल्या,” मी जरा पाणी घातलं. “खेळाडूंचे पाय दाबते, पट्ट्या बांधते, असं काहीसं.”

“पट्ट्या बांधते की! बांधतेच. पण विद्यापीठात शिकवते, ते नाही सांगितलं तिनं? पीएचडी आहे, ते? तिच्या थोरल्या जावयानं बारावी तीनदा दिली, ते मी कधी भिशीत काढलं का?”

काढलं होतं. पण ते असो.

ही भाची म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. इथं बीपीटीएच झाली, म्हणजे इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची फिजिओथेरपी. मग अमेरिकेत जाऊन अॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स केलं, वर पीएचडी केली, आणि आता तिकडच्या एका विद्यापीठात तोच विषय शिकवते. कोणतं विद्यापीठ, ते काकू दर वेळी वेगळं सांगतात, मी नाद सोडलाय. कोपऱ्यावरच्या बाईंनी मागे खवचटपणे व्हिसाचं विचारलं होतं. त्यावर काकूंचं उत्तर तयार होतं: कंपनीतल्या पोरांना एच-१बीच्या लॉटरीत नंबर लागायची वाट बघावी लागते, विद्यापीठाच्या नोकरीला ती लॉटरीच नाही. बाईंचा धाकटा त्याच लॉटरीत अडकलाय, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

तर ही भाची उन्हाळ्याच्या सुट्टीला आली होती आणि आमच्या गल्लीचा अर्धा वेळ ती काय करते हे ठरवण्यात चालला होता. कुणी म्हणे पीटीची मॅडम आहे, कुणी म्हणे जिममध्ये असते. आमच्या ह्यांचा तर्क होता की क्रिकेटमध्ये कुणी पडलं की बॅग घेऊन पळत येतात, त्यातली. गंमत म्हणजे सगळ्यांत जवळ हेच होते. ह्यांना अली इराणी आठवत होते. १९८७ पासून दहाएक वर्षं भारतीय संघाबरोबर असायचे, कुणी विव्हळला की स्प्रे घेऊन मैदानात.

“तसंच, पण तसंच नाही,” भाची म्हणाली. ती एव्हाना चहाचा कप घेऊन भिंतीपाशी आली होती. “फिजिओकडे माणूस दुखल्यावर जातो. आम्ही दुखायच्या आधीपासून तिथंच असतो. सराव असो, सामना असो, रोज.”

रोज म्हणजे कसं, ते तिनं सांगितलं तेव्हा मला तर ऐकूनच धाप लागली. पहाटे ट्रेनिंग रूम उघडायची. पोरं जांभया देत येतात. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, कुणाला रात्री झोप नाही. एकेकाला टेबलावर घेऊन तपासायचं, व्यायाम करून घ्यायचे, नोंद लिहायची. मग अंगावरचा घामट टी-शर्ट बदलून वर्गात जायचं आणि खांद्याच्या सांध्यावर व्याख्यान द्यायचं. दुपारी सरावाला उभं राहायचं, तेही एकटं नाही, सोबत शिकणारी मुलं. त्यांना स्वतः हात लावू द्यायचा, पण नजर हटवायची नाही. शनिवारी सामना. बाहेरगावी असला तर बसनं जायचं, मध्यरात्री परतायचं, सोमवारी पेपर तपासून द्यायचे.

“आणि पगार?” मी विचारलंच. भिंतीवर कोपर टेकवून उभं राहिल्यावर हा प्रश्न न विचारणं बरं दिसत नाही.

“प्रोफेसर कमी, प्लंबर जास्त घेतो,” ती हसून म्हणाली. काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की मी तो विषय तिथंच सोडला.

मला यातलं खरं काही कळलं, ते त्या पोराच्या घोट्यामुळं. आमच्या मागच्या घरातला मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, सगळं अंगण डोक्यावर घेऊन. त्याचा पाय मुरगळून बरा होत आला होता, पण धावताना दचकत होता. भाचीनं त्याला काकूंच्या कट्ट्यावर बसवलं, पाऊल काटकोनात धरायला सांगितलं आणि बॅगेतून दीड इंची पांढरी टेप काढली.

मी भिंतीवरून बघत होते. आधी कातडी सोलू नये म्हणून पातळ स्पंजासारखी पट्टी गुंडाळली. मग नडगीवर दोन वेढे, ते पाया म्हणून. मग घोट्याच्या आतल्या बाजूनं निघून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर, असे तीन पट्टे, प्रत्येक आधीच्याला अर्धा झाकणारा. पाऊल बहुतेक वेळा आत वळून मुरगळतं, म्हणून पट्टा आतून बाहेर ओढायचा, उलटा ओढला तर मुरगळायला मदतच. मग आठच्या आकड्यासारखा एक फेर, मग टाच दोन्ही अंगांनी जखडणारे आणखी दोन. कात्री कुठंच नाही. प्रत्येक पट्टा बोटांनी टचकन तोडत होती. एक सुरकुती नाही, कारण सुरकुती राहिली की तिथं फोड येतो. शेवटी तिनं त्याच्या अंगठ्याचं नख दाबून रक्त परत येतंय ना ते पाहिलं आणि म्हणाली, “चाल.”

चहा निवायच्या आत झालं सगळं.

“आणि हे शिकायला पीएचडी लागते?” त्या पोराच्या आईनं विचारलं. त्या तिसऱ्या भिंतीवरून बघत होत्या. आमच्याकडे भिंतींची कमतरता नाही.

“हे शिकायला एक सेमिस्टर लागतं,” भाची म्हणाली. “हे कुणाला बांधायचं नाही, ते शिकायला बाकीची वर्षं.”

हे खूळ निघालं कुठून, हे मी विचारलं, कारण तेल, पट्टी, शेक म्हटलं की मला आमच्या माहेरच्या तालमीतले वस्तादच आठवतात. तर तिकडंही सुरुवात तशीच. १८८१ मध्ये हार्वर्डनं आपल्या फुटबॉलच्या पोरांसाठी जेम्स रॉबिन्सन नावाचा माणूस ठेवला, त्याला या व्यवसायातला पहिला मानतात. फुटबॉल म्हणजे त्यांचा तो, एकमेकांवर धडका मारायचा, आणि तेव्हा डोक्यावर हेल्मेटसुद्धा नसायचं. पुढं सॅम्युएल बिलिक नावाच्या एकानं, इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरकी शिकता शिकता खेळाडूंची दुखणी सांभाळली आणि त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. १९५० मध्ये कॅन्सस सिटीत या लोकांची राष्ट्रीय संघटना झाली. त्यांना सुरुवातीला हात दिला तो क्रेमर बंधूंच्या कंपनीनं, जी खेळाडूंना चोळायचं मलम विकायची.

“बघ, मलमवालेच,” काकू पुटपुटल्या. त्यांच्या मनातून भिशी गेली नव्हती.

“अगं मावशी, पण १९६९ मध्ये विद्यापीठांतले पहिले अभ्यासक्रम मान्य झाले, पुढच्या वर्षी परीक्षा आली. आणि १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननं आम्हाला आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मानलं.”

“म्हणजे डॉक्टरांना तुम्ही दिसायला चाळीस वर्षं गेली.”

“आणि आम्हाला बायका दिसायला सोळा,” भाची म्हणाली. “संघटनेत पहिली बाई आली १९६६ मध्ये. पहिली महिला अध्यक्ष २००० मध्ये, ज्युली मॅक्स. त्या कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या विद्यापीठात होत्या. आज निम्म्याहून जास्त सभासद बायका आहेत.”

गंमत अशी की कॅलिफोर्निया हेच एक राज्य, जिथं या कामाला सरकारी परवाना लागत नाही. बाकी सगळीकडे परीक्षा, परवाना किंवा सरकारी नोंदणी, आणि शिवाय दर दोन वर्षांनी पन्नास तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. आता तर नियमच झालाय की २०२२ नंतर बीए-बीएस्सीच्या पातळीवर नवीन मुलं घ्यायची नाहीत, मास्टर्सच हवं. काकूंनी हे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. कुठं वापरायचंय ते मला माहीत होतं.

पण काकूंचा हुकमाचा एक्का वेगळाच होता. केविन गस्किविझ. हे नाव काकू ‘गजकेसरी’च्या चालीवर म्हणतात, मी सुधारलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या लेट्रोब गावचा मुलगा, जिथं पिट्सबर्ग स्टीलर्सचा फुटबॉल संघ उन्हाळी सरावाला येतो. तोही अॅथलेटिक ट्रेनिंगच शिकला, मास्टर्स करताना त्याच स्टीलर्सच्या पोरांच्या पट्ट्या बांधल्या. मग नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकवायला लागला आणि एकच प्रश्न धरून बसला: डोक्यावर आदळलेला पोरगा पुन्हा मैदानात कधी जाऊ शकतो?

तोवर काय व्हायचं? पोरगा गरगरत बाहेर आला की त्याच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवायची. किती बोटं? तीन. जा परत. गस्किविझनं त्याऐवजी तोल मोजला, स्मरण मोजलं, विद्यापीठाच्या खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये सेन्सर बसवून कोणती धडक किती जोराची ते मोजलं, निवृत्त खेळाडूंना गाठून त्यांच्या विसराळूपणाचा हिशेब मांडला. फुटबॉलच्या मालकलोकांना तो हिशेब अर्थातच आवडला नाही. मग पुढं त्यांनीच त्याला आपल्या समितीवर घेतलं, आणि २०११ मध्ये खेळ सुरू करण्याची जागा पाच यार्ड पुढं सरकवली गेली, जेणेकरून लांबून धावत येऊन होणाऱ्या टकरी कमी व्हाव्यात. त्याच वर्षी त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, जिला तिकडं ‘जिनिअस’वाली म्हणतात.

“आणि मग?” काकू. त्यांना पुढचं पाठ होतं, मला विचारायला लावत होत्या.

“आणि मग काय?”

“२०१९ मध्ये त्याच विद्यापीठाचा चान्सलर! आणि २०२४ पासून मिशिगन स्टेट विद्यापीठाचा प्रेसिडेंट! पट्ट्या बांधणारा कुलगुरू झाला म्हण की. सांग तिला, मालिश करते म्हणावं!”

माझं मत विचाराल तर, पट्ट्या बांधणाऱ्याला कुलगुरू करावंच. आमच्या विद्यापीठात कुलगुरू म्हणून जे येऊन गेले, त्यांतल्या एकालाही पोरगं कुठं दुखतंय हे कळलं नसतं.

भाचीला मात्र ही कुलगुरूची गोष्ट तेवढी भावत नाही. तिनं २ जानेवारी २०२३ ची सांगितली. सोमवारची रात्र, सिनसिनाटी, टीव्हीवर अख्खा देश बघतोय. बफेलो बिल्सचा डमार हॅमलिन, चोवीस वर्षांचा, एकाला अडवतो, उठून उभा राहतो आणि मागं कोसळतो. छातीवर नको त्या क्षणी बसलेल्या धक्क्यानं हृदय थांबलं होतं. सहायक अॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन धावला आणि त्यानं तिथंच, मैदानात, छाती दाबायला सुरुवात केली. शॉक देणारं यंत्रही आलं. सामना रद्द झाला. हॅमलिन वाचला, आणि त्याच वर्षी पुढच्या मोसमात परत खेळला. जुलैमध्ये एका मोठ्या समारंभात त्या सगळ्या ट्रेनिंग स्टाफला पुरस्कार मिळाला, तो द्यायला हॅमलिनच उभा होता, आणि त्याला रडण्यामुळं बोलता येईना.

“केलिंग्टन आधी सिराक्यूज विद्यापीठात होता,” भाची म्हणाली. “आमच्यातलाच. आणि खरं सांगू? त्या रात्री माझ्या विद्यार्थ्यांचे धडाधड मेसेज आले. मॅडम, तुम्ही दर महिन्याला तो बाहुला दाबायला लावता ना, आता कुरकुर नाही करणार.”

“केली का नंतर?”

“फेब्रुवारीत.”

हे सगळं ऐकून मी घरात जाणार, तेवढ्यात मागच्या गल्लीतून तोच पोलीस भरतीवाला धावत आला. दुपारचे साडेबारा. सोलापूरचं ऊन, डांबर चिकटतंय, कुत्रीसुद्धा गाडीखाली. आणि या पठ्ठ्यानं अंगात काय घातलेलं? पावसाळी जॅकेट! वजन उतरतं म्हणून. तोंड लाल, ओठ पांढरे. भाचीनं कप भिंतीवर ठेवला आणि चक्क भिंतीवरून उडी मारून त्याला अडवलं. त्याला सावलीत आणलं, जॅकेट काढायला लावलं, मानेवर, काखेत गार पाण्याची फडकी ठेवली आणि नाव, वार, आईचं नाव असं काहीबाही विचारत राहिली. पोरगा नीट उत्तरं देत होता, तेव्हा कुठं ती बसली.

त्याचे वडील आले ते तणतणत. एसटीतून निवृत्त झालेले, आवाज अजून बसस्टँडचा. “सवय व्हायला पाहिजे की उन्हाची! भरती काय एसीत होणार आहे?”

“सवय होते काका. पण दहा-चौदा दिवसांत, थोडी थोडी. आणि प्लॅस्टिक घालून नाही,” भाची म्हणाली. मग तिनं एका पोराची गोष्ट सांगितली आणि काका गप्प झाले. ते गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९८५, ऑगस्ट, न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो. सोळा वर्षांचा डग्लस कासा दहा किलोमीटरची शर्यत धावत होता. शेवटच्या फेरीत कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. उष्माघात. तिथं हजर असलेल्या अॅथलेटिक ट्रेनरनं लक्षण ओळखलं आणि पोराला गार करायला घेतलं. पोरगा वाचला. आणि त्यानं काय करावं? अॅथलेटिक ट्रेनिंगच शिकला, कनेक्टिकट विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, १९९९ पासून तिथंच शिकवायला लागला, आणि सगळी कारकीर्द आपल्याला जवळजवळ मारून गेलेल्या त्या एका दुखण्यावर लावली. २००१ मध्ये मिनेसोटा वायकिंग्ज संघाचा कोरी स्ट्रिंगर हा भलाथोरला खेळाडू सरावात उष्माघातानं गेला. त्याच्या पत्नीबरोबर कासानं २०१० मध्ये त्याच विद्यापीठात स्ट्रिंगरच्या नावानं संस्था काढली. तिचा मंत्र एवढाच: आधी गार करा, मग दवाखान्यात न्या.

“आधी दवाखान्यात न्यायचं नाही?” काका.

“नाही. रिक्षा शोधेपर्यंत मेंदू शिजतो. शरीराचं आतलं तापमान १०५ फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर गेलं आणि माणूस बरळायला लागला, तर हातात साधारण अर्धा तास असतो. त्याला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं. गुरांना पाणी पाजायची हौदासारखी टाकी आमच्याकडे मैदानाच्या कडेला भरूनच ठेवतात. पाणी हातानं ढवळत राहायचं, कारण अंगाला लागलेलं पाणी लगेच कोमट होतं. १०२ ला आलं की बाहेर. मग अॅम्ब्युलन्स.”

“आणि तापमान बघायचं कुठं? काखेत?” काकू.

“काखेतलं, कपाळावरचं, तोंडातलं, सगळं खोटं सांगतं. पळून आलेल्याची कातडी घामानं गार असते, आत भट्टी. त्यामुळं, मावशी,” भाचीनं जरा आवाज खाली आणला, “मागूनच.”

“अगं बाई!” काकूंनी पदर तोंडाला लावला. “आणि हे तू… त्या एवढाल्या पोरांना…?”

“वर्गात शिकवते. परीक्षेला विचारते. मार्क आहेत त्याला.”

मला आता कळलं की भिशीत काय सांगायचं नाही.

पण या लाजेपायी माणसं मेलीत, हे तिनं पुढं सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर नावाचा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सरावात धावता धावता ढेपाळला. तिथं ट्रेनर होते. तरी त्याचं तापमान घेतलं गेलं नाही, बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं नाही. दोन आठवड्यांनी तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे जबाबदारी घेतली, प्रशिक्षकाची नोकरी गेली. दुसरीकडे मॅसेच्युसेट्समध्ये फॅलमथची शर्यत असते, ऐन ऑगस्टमध्ये, सात मैलांची. तिथं अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण तंबूत आले, सगळ्यांना टबात बसवलं, एकही दगावला नाही. दुखणं तेच. फरक एवढाच की टब भरलेला होता आणि वापरायची लाज नव्हती.

“आपल्याकडं काय कमी झालंय?” त्या पोराची आई म्हणाली. तिला २०१४ ची मुंबईतली पोलीस भरती आठवली. धावण्याच्या चाचणीत पोरं दगावली होती, पेपरात फोटो आले होते. मला खारघर आठवलं. एप्रिल २०२३, पुरस्काराचा कार्यक्रम, भर उन्हातली गर्दी, चौदा माणसं. ती काही धावत नव्हती, नुसती बसली होती. भाची म्हणाली, ते बसून होणारं आणि हे धावून होणारं यांत फरक आहे, पण उतारा तोच, गार करणं, आणि लगेच.

“पन्हं? कांदा खिशात ठेवतात ते?” काकू.

“पन्हं धावायच्या आधी-नंतर द्या, उत्तम. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतू नका. कांदा भजीला ठेवा.”

काका मात्र वेगळ्याच मुद्द्यावर अडून बसले. “समजा तुम्ही म्हणालात थांब, आणि कोच म्हणाला पळ. मग?”

मला वाटलं, ही आता गुळमुळीत काहीतरी सांगणार. पण तिनं सरळच सांगितलं. “तर थांबायचं. २०१६ पासून तिथल्या मोठ्या विद्यापीठांना नियमच आहे, खेळाडू परत मैदानात कधी जाणार हे डॉक्टर आणि अॅथलेटिक ट्रेनर ठरवणार, त्यात प्रशिक्षकानं हात घालायचा नाही. प्रशिक्षकाचा पगार माझ्या कितीतरी पट असतो, काका. त्याच्या नावाचे बोर्ड लागतात. स्टेडियममध्ये हजारो माणसं त्या पोराच्या नावानं ओरडत असतात, पोरगा स्वतः रडत असतो, मॅडम जाऊ द्या. तेव्हा मी त्याचं हेल्मेट काढून घेते आणि त्याच्यावर बसते.”

“बसतेस?”

“हेल्मेटवर. म्हणजे तो सापडत नाही. आमच्यातले बरेच जण हेल्मेट लपवतात. नियम कागदावर ठीक आहे, पण पोरगं चुकवून पळतं.”

नोकरी, मास्टर्स, परवाना, सगळं मी ऐकून घेतलं होतं. पण माझ्या मनात बसलं ते हे. आमच्या शाळेत कबड्डीचा सामना असला की पीटीचे सरच प्रशिक्षक, तेच पंच शोधायला जाणार, तेच जखमेवर हळद-चुना बघणार, आणि जिंकलं नाही तर मुख्याध्यापक त्यांनाच बोलणार. मग ते सर पोराला थांब कसं म्हणतील? ज्याला हरायची भीती आहे त्याच्या हातात शिट्टी असावी. पण ‘बस, आज नाही’ म्हणायचा हक्क दुसऱ्याच कुणाकडं असावा. सोलापुरात भरतीच्या अकादम्या गल्लोगल्ली आहेत. दोरखंड आहेत, टायर आहेत, भिंतीवर सिंहाचं चित्र आहे. ‘थांब’ म्हणायला ठेवलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

काका बराच वेळ पोराकडं बघत राहिले. मग म्हणाले, “टाकी कुठून आणायची आता?”

“टाकी कशाला? ताडपत्री आहे ना?” भाची उठलीच. “चौघांनी कोपरे धरायचे, मधे माणूस आडवा, वरून बर्फाचं पाणी ओतायचं आणि हेलकावे देत राहायचं. तिकडं यावर प्रयोग झालेत. टबाइतकं भारी नाही, पण जीव वाचायला पुरतं.”

“माझी कुरडयांची ताडपत्री नाही मिळायची,” काकूंनी आधीच जाहीर केलं.

दोन दिवसांनी ती भाची परत गेली. तिथं जूनमध्ये विद्यार्थ्यांचं काहीतरी शिबिर असतं. जाताना त्या पोराला सकाळी सहाचं धावणं, पाण्याच्या बाटल्या आणि घोट्याचे व्यायाम असं सगळं लिहून दिलं. लग्नाचं काय, हे विचारायचं राहून गेलं. म्हणजे मी विचारलं, पण विमानाची वेळ झाली म्हणाली.

काल संध्याकाळी मी झाडांना पाणी घालत होते, तर तिसऱ्या भिंतीवरून त्या पोराच्या आईचा आवाज. “काकू, बर्फाच्या कारखान्याचा नंबर आहे का हो? अकादमीतली पोरं वर्गणी काढून ताडपत्री आणणार म्हणतात. लादी रोज लागेल. यांनीच सांगितलंय सरांना, बर्फ असल्याशिवाय माझा पोरगा दुपारचा पळणार नाही.”

“नंबर आहे की,” काकू म्हणाल्या, “पण मोजून घे हो. तो लादी पोत्यात गुंडाळून देतो आणि पोत्याचंही वजन लावतो. आणि फोनवर जरा सांभाळून बोल, परवा त्याच्या थोरल्याचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून वसकन अंगावर येतो.”

“अगंबाई, मोडलं? कुणी मोडलं?” हे मी. पाइप तसाच वाहत होता.

“ये की अशी जवळ,” काकू म्हणाल्या, “ते काय भिंतीवरून ओरडून सांगायचं?”